चैत्रातला गारवा

एसी बसवणाऱ्या पहिल्या दोघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, “दिव्याची ज्योतसुद्धा हलणार नाही, काकू!” तिसरे आलेल्या इनामदारांनी आधी पलंग पाहिला, मग शेजारी तेवणारा चैत्रातल्या नवरात्राचा अखंड दिवा.

“हवा काकांवर सोडली तर दिवा विझेल. दिवा जपला तर काकांना गारवा लागणार नाही. तुम्हीच सांगा.”

बायपास झाल्यापासून उकाड्यानं यजमानांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पण नवरात्रात लावलेला दिवा जागचा हलवायचा नसतो, हे कुमुदताईंच्या अंगात मुरलेलं. त्या हात जोडून क्षणभर उभ्या राहिल्या.

“खरं बोललात, काम तुम्हालाच. हवा ह्यांच्यावर सोडा,” म्हणत त्यांनी पदराआड धरून दिवा स्वयंपाकघरात नेला.

“देवीला विचारलंस का?” यजमानांनी पलंगावरून चिडवलं.

“विचारलं. म्हणाली, आधी त्याला झोपव.”