चाई

“फडकं सोड बघू,” डॉक्टर अनसूयाबाई म्हणाल्या. कस्तुराने डोक्यावरचं फडकं दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरलं. शेवटी तिच्या आईनेच, बजाबाईने, ते ओढून काढलं.

डोक्याच्या मधोमध तळहाताएवढी जागा उजाड होती. कानामागे आणखी एक. पोर दहा वर्षांची.

“चाई लागलीय, डॉक्टरीणबाई. किडा केस खातोय. कांदा चोळला, गुंजा उगाळून लावल्या. सासूबाईंनी बिब्बा काढला व्हता, तर ही पळाली.”

“बरं झालं पळाली. पोरीचं डोकं आहे ते, बैलाचा खूर नाही.”

बजाबाई कसनुशी हसली. खुरपणीचा रोज बुडवून दोघी कुंभारीहून सोलापूरला आल्या होत्या. “काय बी करा, पन केस येऊ द्या. थोरलीला जट आली. देवीनं पोर मागितली, आमी देऊन टाकली. आता माझ्या दारात मांडव पडंल तो हिचाच. अशा टकलीला कोन करून घेईल?”

अनसूयाबाईंनी कस्तुराला खिडकीशी नेलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर उपासमारीने केस विरळ झालेली पोरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. हे तसलं नव्हतं. गजकर्ण असतं तर खपल्या दिसल्या असत्या. चाई असती तर जागा गुळगुळीत झाली असती. इथे खुंट होते. एक आखूड, शेजारचा लांब, त्याच्या शेजारचा नुकता तुटलेला. त्यांनी कडेचे केस चिमटीत धरून हलकेच ओढले. एकही हाती आला नाही.

“किडा नाही, चाई नाही. ही स्वतः उपटते.”

“काय तरीच! येडी हाय का काय ती?” बजाबाई लेकीकडे वळली. “खरं सांग गं. उपटतीस?”

“व्हय.”

बजाबाईचा हात उठला. अनसूयाबाईंनी तो वरच्या वर धरला. “माझ्या दवाखान्यात मारामारी चालत नाही.” मग त्या कस्तुरासमोर स्टुलावर बसल्या. “दुखत नाही का गं?”

“लई दुखतं.”

“मग का उपटतेस?”

कस्तुरा आईकडे बघत राहिली. मग भिंतीकडे बघून बोलली. “हितं गुठळी झाली व्हती. आजी म्हनाली, हिलाबी जट येनार. फनी लावू नगा म्हनाली. आक्काचंबी असंच झालं. मग तिच्या गळ्यात देवीचं मोती बांधलं, आन् ती घरातनं गेली. म्हनून मी उपटली. परत झाली, परत उपटली. कुटं व्हईल कळत न्हाय, म्हनून सगळीकडचं उपटते.”

बजाबाई फरशीवर बसली. तोंडाला लावलेला पदर तिने दातांत धरला.

“थोरली आजारी पडली होती का?” अनसूयाबाईंनी विचारलं.

“व्हय. विषमज्वर. दोन म्हैने अंथरुनात व्हती.”

“तेव्हा केस विंचरले होते?”

“तापात कोन विंचरतंय, बाई? मग ती गुठळी दिसली. सासूबाईंनी भंडारा लावला. देवीच्या केसाला कुनी फनी लावतं का?”

“अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे केस गुंततात. विंचरले नाहीत की गुंता वाढतो. वर भंडारा आणि धूळ बसली की घट्ट होतो. देवीला त्यातलं काही ठाऊक नसतं, बजाबाई.”

अनसूयाबाईंनी टेबलाच्या खणातून आपली फणी काढली, खोबरेल तेलाची बाटली काढली आणि दोन्ही तिच्यासमोर ठेवल्या. “हिच्या मानेवर एक गुठळी आहे अजून. तिथे हिचा हात पोचलेला दिसत नाही. विंचरा.”

“आज शुक्रवार, देवीचा वार हाय.”

“असू द्या.”

“माझ्या घरावर कोप झाला तर?”

“नाही विंचरलीत, तर ही पोर काय करणार, ते बघितलंत ना?”

बजाबाईने तेल तळहातावर घेतलं. निम्मं तेल फरशीवर सांडलं. तिने कस्तुराला मांडीजवळ ओढलं आणि डोळे मिटून गुठळीवर तेल थापलं. बराच वेळ नुसती बोटं फिरवत राहिली. मग फणी लावली. कस्तुराने अंग चोरलं, पण ती हलली नाही. फणी अडकली. बजाबाईने केस मुळाशी धरले, टोकाकडून सोडवत आणले आणि पुन्हा फणी लावली. रस्त्यावरून हातगाडी खडखडत गेली.

गुठळी सुटली. केस सरळ होऊन मानेवर पडले. बजाबाईने डोळे उघडले आणि ते केस हातावर घेऊन ती बघत राहिली. जेमतेम वीतभर केस, तेलाने ओले. लेकीच्या डोक्यावर असतात तसले.

“मुळं शाबूत आहेत,” अनसूयाबाई हळूच म्हणाल्या. “रोज तेल, रोज फणी. ही भीती गेली की केस येतील.”

बजाबाईला ते ऐकू आलं नसावं. “एवढंच व्हतं?” ती म्हणाली. “एका फनीचं काम व्हतं?” आणि मग एकदम ओरडली, “मग थोरली का बोलली न्हाय? चौदा वर्साची घोडी! तिला कळत न्हवतं? हिच्यासारखी उपटून टाकायची की!”

कस्तुराने मान वळवली. आई असं का विचारते, हेच तिला समजेना.

“उपटायची की, आई. म्हनून तर तू तिचं हात बाजेला बांधलं व्हतंस.”