कानटोपी

जपानहून तन्मयची बॅग आली, त्या संध्याकाळी संजीव आणि नीताच्या सेरंगूनमधल्या फ्लॅटमध्ये पुन्हा माणसं जमली. मित्रांबरोबर स्कीइंगला गेलेला त्यांचा मुलगा उतारावरून घसरत झाडावर आदळला होता. डोक्याला मार बसला आणि जागीच गेला. संजीवने बॅगेतून हेल्मेट बाहेर काढलं. नवंकोरं होतं, त्याच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

“मीच घेऊन दिलं होतं,” तो म्हणाला. “हे घातल्याशिवाय बर्फावर पाऊल टाकू नकोस, म्हणून विमानतळावरही बजावलं. पण ही मुलं आईबापाचं ऐकतात कुठे?”

जमलेल्यांनी माना डोलावल्या. नीता मात्र बॅगेच्या तळाशी ठेवलेली प्लास्टिकची पिशवी उघडत होती. आत तिनेच विणलेली कानटोपी होती. जन्मभर उकाड्यात वाढलेल्या पोराला बर्फातलं वारं कसं सोसणार, या काळजीने तिने ती एसीत बसून दुहेरी लोकरीची विणली होती. आता एका बाजूने ती रक्त वाळून कडक झाली होती.

“ऐकलं रे त्याने,” नीता म्हणाली.

संजीवने वर पाहिलं.

“त्या सकाळी फोन केला होता. टोपी फार जाड आहे, वरून हेल्मेट बसत नाही, म्हणाला.” तिने टोपी मांडीवर घेतली आणि तिच्या कानपट्ट्या हाताने सरळ केल्या. “मी म्हटलं, मग ते राहू दे. तू आधी कान झाक.”