वाट माहीत नसलेला माणूस

“इथे खूण कुठे आहे?” वनाधिकारी मॅडमनी विचारलं.

फाट्यावर जमलेली सगळी मंडळी एकदम डावीकडे बघायला लागली. वाट डावीकडेच जाते, हे काय सांगायला हवं? पण झाडावर पट्टी नव्हती, दगडावर बाण नव्हता. रविवारची झोप मोडून ज्यांनी अख्खी टेकडी पिवळ्या रंगाने नटवली होती, त्यांची नेमकी इथेच खूण करायची राहून गेली होती.

“इथून डावीकडेच जातात सगळे,” सुतार म्हणाला.

“तुम्ही जाता. गेल्या वर्षी दोघं हरवले ते कुठून?”

सुताराने मान खाली घातली. इथूनच हरवले होते.

मॅडम नव्याने बदलून आल्या होत्या आणि गोड बोलून वेळ घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या रविवारी वाट माहीत नसलेला एक माणूस खालच्या फाटकातून एकटा सोडायचा. कोणाला न विचारता तो माथ्यावर पोचला, तर वाट चालू राहील. नाही पोचला, तर दोन्ही टोकांना तारेचं कुंपण.

“आणि लबाडी नको,” खाली उतरून जीपमध्ये बसता बसता त्यांनी बजावलं.

बैठक टेलरबाईंच्या दुकानात बसली. या टोळीच्या म्होरक्या त्याच. कापडाचे गठ्ठे सरकवून सगळे दाटीवाटीने बसले. सुताराने आपल्या साडूचं नाव पुढे केलं. साडू परगावचा, टेकडीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

“नको,” टेलरबाई म्हणाल्या. “परका माणूस अंदाजाने चालतो. त्याचा अंदाज बरोबर आला, तर आपल्या खुणा बरोबर आहेत हे कळणार कसं? मला अंदाज बांधणाराच नको. खूण दिसली तर चालेल, नाही दिसली तर उभा राहील, असा हवा.”

“असा कुठे मिळायचा?” रिटायर झालेल्या मास्तरांनी विचारलं.

“आहे माझ्याकडे एक.”

मास्तरांनी चष्मा पुसला, डोळ्यांना लावला आणि उगाचच पुन्हा पुसायला काढला.

“जमेल त्यांना?” सुताराने हळूच विचारलं.

“खुणा नीट असतील तर जमेल.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर वाट जाईल, आणि मला घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून तर सांगते, खुणा नीट करा.”

मग जे काम झालं त्याला तोड नव्हती. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे, हा टेलरबाईंचा नियम. “एक टाका सुटला की पुढची सगळी शिवण उसवते,” असं म्हणत त्या प्रत्येक पट्टी स्वतः तपासायच्या. सुतार आणि मास्तर खाली मान घालून चालायचे आणि थांबा म्हटलं की वर बघायचे. पुढची पट्टी दिसली नाही, तर फांदी छाटायची किंवा नवी पट्टी मारायची. फाट्यावरच्या झाडाला तर सुताराने इतका रंग फासला की मास्तर म्हणाले, “बास कर, झाड आहे ते, लग्नाचा मांडव नाही.”

रविवारी टेलरबाई एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन फाटकाशी आल्या. शर्टाला कडक इस्त्री, चालणं ताठ. टेलरबाई वाकून त्यांच्या बुटांची नाडी बांधायला लागल्या, तसे ते संकोचले.

“राहू द्या ताई, तुम्हाला कशाला त्रास.”

“असू दे हो.”

मॅडम पुढे आल्या. “आजोबा, या टेकडीवर आधी कधी आला होता?”

त्यांनी टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत न्याहाळली. “नाही बुवा. पण छान दिसतेय.”

खोटं बोलणारा माणूस मॅडम तोंडावरून ओळखायच्या. हा तसा नव्हता. त्यांनी मान डोलावली.

वाटेवर लांब लांब वनरक्षक उभे होते. नजर ठेवायची, तोंड उघडायचं नाही, असा हुकूम होता. बाकीची मंडळी जीपने मागच्या रस्त्याने माथ्यावर पोचली आणि मॅडमच्या वॉकीटॉकीला कान लावून उभी राहिली.

“मोठा दगड ओलांडला... फाट्यावर आले... थांबलेत.”

टेलरबाईंनी हातातली पाण्याची बाटली घट्ट धरली.

“अजून थांबलेत. मागे वळून बघतायत.”

“डावीकडे, डावीकडे,” सुतार पुटपुटला. मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्पच झाला.

“झाडाला हात लावला... डावीकडे निघाले!”

सुताराने मास्तरांना मिठी मारली. मास्तरांचा चष्मा पडला तरी त्यांना पत्ता नव्हता. टेलरबाई मात्र वाट जिथे माथ्याला मिळते तिथे डोळे लावून उभ्या होत्या. आधी झुडपांमागून पांढरे केस दिसले, मग इस्त्रीचा शर्ट, मग हसरा चेहरा.

“सोपा रस्ता आहे,” धापा टाकत ते म्हणाले. “कुणीतरी फार जीव लावून खुणा केल्यात हो.”

टाळ्या थांबेनात. “कुंपण रद्द!” मॅडमनी मोठ्याने सांगितलं आणि टेलरबाईंचा हात हातात घेतला. टेलरबाई हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि त्यांना त्याची जराही लाज वाटत नव्हती.

“प्रत्येक पट्टीपाशी थांबून पुढची शोधणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला,” मॅडम म्हणाल्या. “कुठून शोधून आणलात यांना?”

टेलरबाईंनी झाकण उघडून बाटली म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्यांनी अदबीने आभार मानले.

“माझे बाबा आहेत,” टेलरबाई म्हणाल्या. “ही वाट त्यांनीच काढलेली आहे. आता ती त्यांना आठवत नाही, आणि मीही नाही.”