काम चालू आहे

"मेकॅनिक माझ्या डोळ्यांदेखत ॲम्ब्युलन्समधून गेला, ताई. आता ती लिफ्ट कुणासाठी अडवून ठेवलीय?"

इमारतीच्या व्यवस्थापकाचा हा तिसरा फोन होता.

"पाच मिनिटं द्या," ताई म्हणाल्या.

"मघाशीही पाचच मागितली होती तुम्ही."

ताई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं पोर्टल सांभाळायच्या. दोनशे लिफ्ट, दोनशे हिरवे ठिपके. मेकॅनिक कामावर पोचला की मोबाइलवरून पोर्टलवर शिरायचा आणि 'काम चालू'वर बोट ठेवायचा. ठिपका लाल व्हायचा आणि लिफ्ट जागच्या जागी ठप्प. 'काम पूर्ण' म्हटल्याशिवाय ती तसूभर हलायची नाही. तो अधिकार दोघांनाच होता. ज्याने काम सुरू केलं त्याला, नाहीतर ॲडमिन म्हणून ताईंना.

आज लाल ठिपक्यापुढे विसरबुवांचं नाव होतं.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. छत्री, चष्मा, डबा, काय वाटेल ते विसरायचे. एकदा तर कंपनीची गाडी कुठल्याशा इमारतीखाली सोडून ते बसने घरी गेले होते. हातातलं काम मात्र चोख. फक्त 'काम पूर्ण' म्हणायचं हमखास राहायचं. या महिन्यात ताईंनी सात वेळा त्यांच्या वतीने ते म्हटलं होतं.

"पोरी, तू आहेस म्हणून माझं निभतंय," असं ते म्हणायचे. ताई वरवर कुरकुरायच्या आणि मनातून सुखावायच्या. वडील गेल्यापासून त्यांना पोरी म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आज सकाळी हेच विसरबुवा त्या इमारतीसमोर भर रस्त्यात चक्कर येऊन कोसळले. तासभर झाला होता. त्यांच्या बायकोचा, काकूंचा, फोन लागत नव्हता. ताईंचं अर्धं लक्ष पडद्यावर आणि अर्धं त्या न वाजणाऱ्या फोनवर होतं.

वाजला तो व्यवस्थापकाचाच, चौथ्यांदा. या वेळी त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"ताई, सहाव्या मजल्यावर एक आजी आहेत. त्यांना चाकाच्या खुर्चीवरून खाली आणायचंय. बाराला डायलिसिस आहे, चुकवून चालत नाही. जिन्यावरून कसं न्यायचं, सांगा."

"आत कुणी नाही ना? बघितलंत?"

"कोण असणार? मी त्या एकट्यालाच येताना पाहिलं, आणि तो एकटाच गेला. वॉचमनने लिफ्टच्या दारातून हाकही मारली. ओ आली नाही."

आता मात्र ताईंना राहवेना. घड्याळात साडेअकरा झाले होते.

पोर्टलने विचारलं, वापरकर्ता की ॲडमिन. त्यांनी ॲडमिन निवडलं. पासवर्डची मुदत संपली होती. नवा दिला, तो म्हणे जुन्यासारखाच आहे. दुसरा दिला, तो आखूड पडला. तिसऱ्यात आकडा टाकायचा राहिला. चौथा एकदाचा पसंत पडला, तर मोबाइलवर कोड पाठवलाय म्हणून निरोप, आणि मोबाइल चार्जिंगला खोलीच्या दुसऱ्या टोकाला. धावत जाऊन आणेपर्यंत कोड शिळा झाला.

"लग्न ठरतानाही एवढ्या अटी नव्हत्या," ताई पुटपुटल्या आणि दुसरा कोड मागवला.

शेवटी दार उघडलं. उघडताच पोर्टलने नव्या खात्यांच्या प्रलंबित अर्जांची यादी पुढे केली. ती बाजूला सारून त्यांनी लाल ठिपका गाठला. इतक्यात फोन वाजला. काकू होत्या.

"साखर उतरली होती गं. सलाइन लावलंय. आत्ता डोळे उघडले, बोलतायत. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही."

ताई खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळे कधी वाहायला लागले ते त्यांनाही कळलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काही न विचारता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"शुद्धीवर आले," ताईंनी खोलीला सांगितलं. खोलीने श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, "बघा हं, आता चपला दवाखान्यात विसरून येतील." सगळे हसले. ताईही हसल्या.

"काकू, त्यांना म्हणावं निवांत पडून राहा. लिफ्टची चिंता नको. त्यांचं 'काम पूर्ण' मी म्हणते. या महिन्यातलं आठवं." त्यांनी बाण बटणावर नेला.

पलीकडे काकूंनी निरोप सांगितला. मग काहीतरी खणकन पडल्याचा आवाज आला. "अहो, उठू नका," काकू म्हणत होत्या. फोन हातातून हातात गेला.

"पोरी," विसरबुवांचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट होता. "हात काढ तिथून."

ताईंनी हात काढला.

"मी विसरलो नाहीये. नव्या मेकॅनिकबाई आहेत ना, त्या लिफ्टखालच्या खड्ड्यात आहेत. तळघराकडून उतरल्यात, कानात बोळे घालून. मी गाडीतून सामान आणायला म्हणून वर आलो होतो." त्यांना धाप लागली होती. त्यांनी दम घेतला. "त्यांनी स्वतःच्याच नावावर काम सुरू केलं असतं गं. पण आठवडा झाला, त्यांचं खातं उघडायचं तू विसरलीस."