गार सर्व्हर

"माझ्या सिस्टिमला तोड नाही, साहेब!" विल्फ्रेदो म्हणाला. उंच डोंगरावरच्या थंडगार एल आल्तो शहरातल्या बस कंपनीत त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते आज ठरणार होतं. समोर दोन सारखेच सर्व्हर. एकावर जुनी विकतची सिस्टिम, दुसऱ्यावर त्यानं बसवलेलं फुकटातलं लिनक्स. "दोन्ही सर्व्हर तिकिटं तेवढीच काढतात. पण तो जुना भट्टीसारखा तापतो. माझ्या सर्व्हरला हात लावून बघा, बर्फ!"

फेर्मिन साहेबांनी हात लावला आणि हातमोजा परत चढवला.

"अरे गाढवा," हिशेब बघणाऱ्या फेलिपाबाई शालीतून म्हणाल्या, "ह्या थंडीत आम्ही त्या जुन्यावरच तर पाय शेकतो! तुझा बर्फ काय डोक्यावर ठेवू?"

"माझाही तापेल की!" विल्फ्रेदो घाईघाईनं म्हणाला.

तो कायम झाला. आता लिनक्सवर तो दिवसभर कुणालाच नको असलेली गणितं चालवतो, तेव्हा कुठं खोलीत ऊब येते.

सोमवारी तिकीटविक्री बंद पडली. सर्व्हरवर फेलिपाबाईंनी वाळत घातलेला लोकरीचा मोजा त्याच्याच पंख्यात अडकला होता. जोडीतला दुसरा मात्र छान वाळला होता.