टाकीचं झाकण

न्हावऱ्याच्या अलीकडे काटा नव्वदवर गेला आणि गाडीनं पुन्हा मान टाकली. सरांचा पाय तळाला टेकलेला, पण इंजिन नुसतंच गुरगुरत होतं. ख्रिस्तोफर सरांनी गाडी कडेला घेतली आणि शेजारी बसलेल्या हौसरावाकडे वळून म्हणाले, "बघितलंत? अशीच गेली होती. अगदी अशीच."

हौसराव शिरूरचा मुरलेला मेकॅनिक. त्यानं बघितलं होतं, आणि त्याला लाजही वाटली. दहा महिने सर हेच सांगत होते आणि त्यांचं कुणी खरं धरलं नव्हतं, त्यानंसुद्धा नाही.

सर गणिताचे मास्तर. जन्मभर काटकसर करून एकच चैन केली, ती म्हणजे मिशनमधल्या म्हाताऱ्या डॉक्टरांची ही दोन सीटची लाल गाडी. जानेवारीत तिच्यातूनच ते आणि त्यांच्या पत्नी करुणाबाई दौंडला लग्नाला निघाले होते. उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना समोरून ट्रक आला. सर म्हणत, मी पाय दाबला होता, गाडीच पुढं गेली नाही. घाईनं आत घेताना डावी बाजू ट्रॉलीवर आदळली. त्या बाजूला करुणाबाई बसल्या होत्या. तपासायला आलेल्या साहेबानं उभ्या गाडीचं इंजिन चालू करून ऐकलं आणि दोष नाही असं लिहून दिलं. मग दफनाच्या वेळी त्यांची लेक ब्लेसी सगळ्यांदेखत म्हणाली, पप्पांच्या वेडानं मम्मी गेली. तेव्हापासून ती पुण्याहून घरी आली नव्हती. सरांचा फोनही घेत नव्हती.

पत्रा सरळ होऊन गाडी गॅरेजात आली, तेव्हा हौसरावानं दोन्ही कार्ब्युरेटर खोलले, जेट फुंकले, पॉइंट घासले, पंप बदलला. गॅरेजात गाडी गुणी लेकरासारखी वागायची. रस्त्यावर पंधरा मिनिटं पळवली की तिला धाप लागते आणि जरा थांबलं की पुन्हा बरी होते, असं सर सांगायचे; आज त्यानं ते स्वतः बघितलं. असला लबाड आजार त्यानं तीस वर्षांत बघितला नव्हता.

आता पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून तो मागं गेला आणि त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. टाकीनं फुस्सकन हवा आत ओढली.

हौसराव तिथंच थबकला. त्यानं झाकण उलटं केलं. टाकीला श्वास घ्यायला मधोमध एक बारीक भोक असतं. ते एम-सीलनं बुजवलेलं होतं. त्या वाळलेल्या करड्या गोळ्यावर अंगठ्याचा ठसा होता.

ठसा त्याचाच होता. अपघाताच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ब्लेसीच गाडी घेऊन आली होती. झाकणातून पेट्रोल उडतं, वासानं मम्मीला मळमळतं, उद्या लांब जायचंय, काहीतरी करा म्हणाली होती. ट्रॅक्टरच्या गळक्या झाकणांना तो जे करायचा तेच त्यानं उभ्या उभ्या केलं. ट्रॅक्टर शेतात रांगतो, तेल सावकाश ओढतो, म्हणून त्याचं त्यात भागतं. दोन मिनिटांचं काम, तो विसरूनही गेला होता.

स्क्रू-ड्रायव्हरनं त्यानं गोळा उडवला आणि झाकण बसवलं. सरांना एवढंच सांगितलं, की टाकीत हवा जायला वाट नव्हती, त्यामुळं गाडी पळवली की पेट्रोल वर चढत नव्हतं. तुमचं काही चुकलं नाही.

सर रस्त्याच्या कडेला मातीतच बसले. रडत होते आणि हसतही होते. कुणी बुजवलं, हे त्यांना विचारायचं सुचलंच नाही. आणि खोटं कशाला, हौसरावाला त्याचं बरंच वाटलं.

"तुमच्या फोनवरून लावा ब्लेसीला," सर म्हणाले. "तुमचा उचलेल ती. तुम्हीच सांगा."

तिनं उचलला. हौसरावानं पंप, पेट्रोल, झाकण सगळं नीट उलगडून सांगितलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "मामा, शनिवारी मी आणली होती, तेव्हा बुजवलं ना?"

हौसरावानं सरांकडे बघितलं. ते रुमालानं तोंड पुसत त्याच्याकडेच आशेनं बघत होते.

"न्हाई पोरी," तो म्हणाला. "त्याच्या लई आदी, दिवाळीतच बुजवलं व्हतं मी. कुणी सांगितलं नव्हतं, माझ्याच मनानं. तू आलीस तवा नुस्तं फडकं मारलं, तुला बरं वाटावं म्हणून."

सरांचा रुमाल तोंडाशीच थांबला.

ते उठले. हौसरावाच्या हातातून फोन घेतला आणि पाठ फिरवून चार पावलं लांब गेले. ब्लेसीचं रडणं इथवर ऐकू येत होतं. "ये बेटा, घरी ये," एवढंच सर म्हणत राहिले. बोलणं संपल्यावर परत आले, फोन त्याच्या हातात ठेवला आणि गाडीत बसले. हौसराव दाराला हात लावणार तेवढ्यात त्यांनी आतून कडी घातली.

"हौसराव," ते त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही एसटीनं या."

गाडी वळून शिरूरकडे निघाली. हौसराव तिच्या आवाजावर कान लावून उभा राहिला. तिसरा, मग चौथा गिअर पडला. नंतर आवाज चढतच गेला आणि पार दिसेनाशी होईपर्यंत ती कुठंही दबली नाही.