जाळ्यांची खोली

शाळेच्या व्हरांड्यात पुस्तकांची साठेक पोती पडून होती आणि दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडणार होती. वाचनालयाची भाड्याची इमारत पाडायला घेतल्यापासून ग्रंथपाल सुमेधाताई नव्या जागेसाठी सारं ठाणं पालथं घालत होत्या. शुक्रवारी दुपारी कोळीवाड्यातल्या चंद्रभागाबाई मासळीची रिकामी पाटी काखेत घेऊन व्हरांड्यात त्यांच्याकडे आल्या.

"ताई, माझी जाल्यांची खोली हाय रस्त्यावर. बघून घ्या."

व्हिडिओ पार्लरवाले त्या खोलीसाठी दोनदा येऊन गेलेले, हे सुमेधाताईंच्या कानावर होतं.

"भाडं काय घ्याल?"

"भाडं नको. वाचनालयाच्या नावावर कागद करून घ्या. मी गेल्यावर माझ्या पोरानं परत मागाया नको."

संध्याकाळी कार्यकारिणीची माणसं खोली बघायला आली. त्यांच्यातले चिटणीस नाकाला रुमाल लावून दारातच थांबले.

"पुस्तकांना वास लागेल," ते म्हणाले. "सभासद इथं पाऊल टाकणार नाहीत."

सुमेधाताईंना तोंड कुठं लपवावं कळेना. चंद्रभागाबाई मागंच उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला.

"दोन दिस द्या मना," एवढंच बोलल्या.

शनिवारी सकाळी सासऱ्यांच्या वेळेपासूनची जाळी बाहेर आली. बाईंनी सुनेला आणि शेजारणींना हाताशी घेऊन फरशी सोड्यानं घासली, भिंतींना चुन्याचे दोन हात दिले. सुमेधाताई बादल्या भरून देत राहिल्या. रविवारी दिवेलागणीला पोती आत आली. वास थोडा उरलाच.

"परवा आमचे चिटणीस बोलले, त्याचं वाईट वाटून घेऊ नका," सुमेधाताई म्हणाल्या.

"त्यांना मासलीचा वास, मना पुस्तकांचा. आठ दिसांत दोघांनाबी सवय होईल."

सोमवारी वाचनालय उघडलं. दहा वाजेपर्यंत कुणी फिरकलं नाही. अकराच्या सुमारास मात्र पाच-सहाजण वर्तमानपत्रं उघडून बसले होते. चिटणीसही येऊन गपचूप कोपऱ्यात टेकले.

चंद्रभागाबाई बाहेरच्या ओट्यावर मासळी विकायच्या. त्यांची हाक खाडीपल्याड ऐकू जाते, असं लोक म्हणत. त्या दिवशी ती बराच वेळ ऐकू आली नाही, म्हणून सुमेधाताईंनी दारातून डोकावून पाहिलं.

ओट्याभोवती गिऱ्हाइकांचा घोळका होता आणि पापलेटांचा भाव कुजबुजत ठरत होता.